यादीत राहून गेलेले चौघे

आमचे घरमालक माणसं मोजायचे. त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं आणि त्याचे कोणी पैसेही देत नव्हतं. कर्जतहून दहिवली ओलांडून पुढे गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक गाव लागतं. तिथलं शेवटचं घर त्यांचं. घरापुढून किल्ल्यावर जाणारी पायवाट निघते. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चहा आणि पोहे. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी पाठीला पिशव्या लावून यायची, शेडजवळ मोटारसायकली लावायची आणि वर जायची. काका त्यांना मोजून वर सोडायचे आणि उतरताना पुन्हा मोजून घ्यायचे. गेलेले सगळे खाली आले असं पटल्याशिवाय ते ताटावर बसत नसत.

"अजून सहा वर हायत," काकू मला सांगायच्या. "तू जेवून घे गं. यांचं काय खरं नाय."

मी त्यांच्या वरच्या खोलीत अडीच वर्षं भाड्याने राहिले. मूळची नाशिककडची. काम मोबाइलची ॲप बनवण्याचं, कंपनी पुण्यात, आणि घरून काम करायची मुभा. पुण्यातली भाडी परवडेनात म्हणून शोधत शोधत इथे आले. गच्चीवर नेटवर्क छान मिळायचं. भाडं ठरवताना काकांनी एकच अट घातली. बाहेर जाताना सांगून जायचं आणि आल्यावर आले म्हणून सांगायचं.

या अटीवरून पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. मी कर्जतला भाजीला गेले, मैत्रीण भेटली, उशीर झाला. परत आले तर काका रस्त्यावर उभे.

"काका, मी एकोणतीस वर्षांची आहे," मी म्हटलं. "माझ्यावर असं लक्ष ठेवलेलं मला चालणार नाही."

"लक्ष कोण ठेवतंय?" ते म्हणाले. "कुठं गेलीस, कुनाबरोबर गेलीस, इचारलं का मी? आलीस का नाय, येवढंच माझं."

मी फणकाऱ्याने वर गेले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना शेडमधली वही सहज उघडली तर त्यात गडावर जाणाऱ्यांच्या यादीतच शेवटी लिहिलेलं होतं, 'वरची पोरगी, बाजारात.' पुढे वेगळ्या शाईने, 'आली.' त्यानंतर मी सांगून जायला लागले. कधी सवय झाली ते कळलंही नाही.

त्या वहीत नावं नसायचीच. 'चष्मेवाली, लाल पिशवी, दमते.' 'ठाण्याचा जाडा आणि त्याची बहीण.' 'तिघं, एकाचा उजवा पाय आत वळतो.' मी विचारलं, नाव-गाव का नाही लिहीत? तर म्हणाले, "नाव कुनी कायपण सांगतं. चाल कशी बदलेल?" उतरणारा माणूस लांबच्या वळणावर दिसला की त्याचा चेहरा दिसायच्या आधी ते सांगायचे, "सकाळचा नऊचा. पुढं गेलेला." आणि तो तोच असायचा. अडीच वर्षांत त्यांचं चुकलेलं मी पाहिलं नाही. गावात कोणाकडे लग्न असलं की आचारी त्यांना विचारून जायचा, पंगतीला किती होते, अजून किती यायचेत. त्यांनी सांगितलेला आकडा धरूनच भात टाकायचा.

वर जाणाऱ्याला ते आधी पाय उचलायला लावायचे. बैल घेताना खूर बघतात तसा बुटाचा तळवा बघायचे. गुळगुळीत असला तर सरळ सांगायचे, "नाय जायचं." माणूस चिडायचा, वाद घालायचा. मग काका शेडमागून जुने कॅनव्हासचे बूट काढून आणायचे. निरनिराळ्या मापांचे वीसेक जोड होते, लोकांनी टाकून दिलेले, त्यांनी धुऊन ठेवलेले. कोणी फोटो काढू लागलं की तोंड फिरवायचे. "माझा काय काढता? तुमी किती हाय ते नीट सांगा."

त्यांची वही पावसात भिजली आणि माझ्या डोक्यात ॲप आलं. एका रविवारी शेडचा पत्रा गळला आणि सकाळची सगळी पानं निळी झाली. काका वाटेवर खुर्ची टाकून बसले आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत पन्नासेक माणसं निव्वळ डोक्यात ठेवली. सगळी जुळली. पण रात्री ताटावर बसल्यावरही ते आकडा पुन्हा पुन्हा मोजत होते.

"मी करून देते काहीतरी मोबाइलवर," मी म्हटलं. "भिजणार नाही, फाटणार नाही."

खरं सांगायचं तर केवळ त्यांच्यासाठी नव्हतं ते. माझं ऑफिसचं काम कंटाळवाणं होतं आणि मला स्वतःचं म्हणून काहीतरी दाखवायला हवं होतं. दोन शनिवार-रविवारांत ॲप उभं केलं. पहिल्या स्क्रीनवर वर गेलेल्यांची यादी. एखाद्या गटावर बोट ठेवलं की दुसरी स्क्रीन उघडायची, तिथे त्यांची माहिती आणि खाली मोठं हिरवं बटण, 'खाली आले'. बटण दाबलं की ती स्क्रीन बंद होऊन परत यादी समोर. फोन नंबरसाठी जागा ठेवली होती, काकांनी ती कधी भरली नाही. मोबाइलपुढे तोंड धरून ते बोलायचे, "हिरवी टोपी, जरा लंगडतो," आणि तेवढं उमटलं की खूश व्हायचे. मी त्यांचा पाठमोरा फोटो टाकून या ॲपबद्दल लिहिलं. ऑफिसच्या लोकांनी फार कौतुक केलं. नोकरीच्या अर्जातही मी ते घातलं.

पहिल्याच आठवड्यात काकांनी मला हाक मारली. "पोरी, हे बघ. आले म्हणून दाबलं. तरी नाव हायच."

मी पाहिलं. चूक लगेच कळली. हिरवं बटण दाबल्यावर आत नोंद बरोबर होत होती. पण दुसरी स्क्रीन बंद झाल्यावर मागची यादी पुन्हा आणायची असते, ते सांगायचं मी विसरले होते. त्यामुळे यादी जशी आधी होती तशीच दिसत राहायची, उतरलेला माणूस अजून वर असल्यासारखा. दोन-तीन ओळींचं काम. आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवतात ते.

"काही नाही काका," मी म्हटलं. "यादीवर बोट ठेवून खाली ओढायचं. असं. गोल फिरतो ना, मग ती ताजी होते."

त्यांनी ओढून पाहिलं. नाव गेलं. "दर वेळेला वढायचं?"

"सध्या ओढा. मी करते ते नीट."

"पण आधी नाव हाय म्हणतंय, मग नाय म्हणतंय. खरं कुठलं?"

"ओढल्यावर दिसतं ते खरं," मी म्हटलं. "मोबाइल काही चुकत नाही काका. त्याला फक्त विचारावं लागतं."

त्यानंतर ते दर वेळेला ओढायचे. मान तिरकी करून, विहिरीतून दोर ओढावा तसं हळूहळू. मला ते बघून हसू यायचं. आणि मी ते नीट करणार होते. या शनिवारी, पुढच्या शनिवारी. मधल्या काळात ऑफिसमध्ये अगदी हीच तक्रार आली होती. चपला विकणाऱ्या एका ॲपमध्ये, आवडलेल्या चपला काढून टाकल्या तरी यादीत दिसत राहायच्या. मॅनेजरने मला सांगितलं आणि मी चहा गार व्हायच्या आत ते करून टाकलं. ते करताना काकांची आठवणही झाली. संध्याकाळी करू, असं मनात म्हटलं.

असे चार महिने गेले. एक मात्र हळूहळू बदललं. पूर्वी काका वाटेकडे बघत बसायचे. आता मोबाइलकडे बघायचे. आचाऱ्याने पंगतीचं विचारलं तर म्हणाले, "थांब, पोरीला सांगतो, त्याचं पण करून देईल." मला अभिमान वाटला होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दिवसभर बारीक पाऊस होता आणि डोंगर धुक्यात गेला होता. मला सुट्टी नव्हती, पुण्याच्या लोकांबरोबर लांबलचक मीटिंग चालली होती. साडेचारच्या सुमाराला जिन्याखालून काकांची हाक आली.

"पोरी, जरा खाली येतेस का?"

मी कानावरचा हेडफोन बाजूला केला. "काय काका?"

"बदलापूरची चौघं. मला वाटतंय आली. पन इथं हायत अजून."

"खाली ओढा ना काका. मीटिंगमध्ये आहे मी."

"वढलं गं. नाव जात नाय."

"परत ओढा. नीट ओढा," मी म्हटलं आणि हेडफोन कानाला परत लावला. आवाज चढला होता माझा, हे मला आठवतं. पलीकडे मॅनेजर काहीतरी विचारत होता आणि मला उत्तर येत नव्हतं.

काकांचं बोट ओलं होतं. मोबाइलची काचही ओली होती. ओल्या काचेवर ओलं बोट फिरवलं तर ती ओढ मोबाइलला लागत नाही. हे मला नंतर, विचार करताना सुचलं. जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या उतरून मी गेले असते तर ओढणीने काच पुसली असती आणि नाव गेलं असतं.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. ते शेडमध्ये थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "तीनच्या आसपास चौघं गेली की गं इथून. एकानं चहा नको म्हटलं. का ती दुसरी होती?" काकू म्हणाल्या, मला काय म्हाईत. मग ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं काय सांगावं. मोबाइल खोटं कशाला बोलेल?" त्यांनी काठी घेतली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेतलं आणि वर गेले. बदलापूरची चौघं तेव्हा आपापल्या घरी पोचलीही असतील. त्यांचा नंबर नव्हता, नाहीतर एका फोनवर काम झालं असतं.

मीटिंग संपवून मी खाली आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. काकू वाटेकडे बघत उभ्या होत्या. गावातल्या दोघांना मी हाका मारून आणलं. तासाभराने ते काकांना चादरीच्या झोळीत घालून खाली घेऊन आले. दगडी पायऱ्यांवरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. इतरांचे तळवे तपासणारा माणूस त्या दिवशी घाईत साध्या चपलेवर गेला होता.

झोळी खाली टेकवली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सापडली का?"

"ती कधीच खाली आलीत काका," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "बरं झालं," म्हणाले.

खोपोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर त्यांचा मोबाइल घेऊन बसले होते. काच पुसली आणि यादी ओढली. बदलापूरचे चौघे नाहीसे झाले. मग मी आतली नोंद काढून पाहिली. 'चौघं, बदलापूर, एकाची छत्री मोडकी. खाली आले,' आणि वेळ, दोन वाजून पन्नास मिनिटं. काकांनी बटण दाबलं होतं. वेळेवर दाबलं होतं. त्यांचे डोळे बरोबर होते, आठवण बरोबर होती, सगळं बरोबर होतं. पिशवीत लॅपटॉप होताच. तिथेच बाकावर बसून मी ती चूक दुरुस्त केली. काकांच्या मोबाइलवर नवं ॲप चढवलं, बटण दाबून पाहिलं. नाव आपोआप गेलं. अकरा मिनिटं लागली. घड्याळ बघायची मला काय गरज होती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आत गेले तर काकांचा मुलगा आला होता. तो मोहोपाड्याला कारखान्यात कामाला, तिथल्याच कॉलनीत राहायचा. काकांनी माझा हात धरला.

"माझंच चुकलं गं," ते म्हणाले. "बटण दाबायचं राहिलं. दाबलं असं वाटलं, पन दाबलं नसनार. वय झालं."

मुलगा म्हणाला, "मी केव्हाचा सांगतोय, आता तुमचं डोकं पहिल्यासारखं नाय राहिलं बाबा."

मी बोलायला तोंड उघडलं. मोबाइल माझ्या हातात होता, नोंद त्यात होती. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असतं की आपल्या बापाचं हाड माझ्यामुळे मोडलं. ऑपरेशनची चिंता आहे, आता नको, घरी आल्यावर सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

"बरे व्हा आधी," मी म्हटलं.

ते घरी आलेच नाहीत. मुलगा दोघांना मोहोपाड्याला घेऊन गेला. शेड बंद झाली. लोक येत राहिले, मोटारसायकली लावून कोणालाही न सांगता वर जात राहिले. मी तीन महिने त्या घरात एकटी राहिले आणि मग खोली सोडली. काकूंशी अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं.

"चालतात आता काठी घेऊन," काकूंनी एकदा सांगितलं. "पन मन लागत नाय. जेवलो का म्हनून मला इचारतात. नळ बंद केला तरी परत जाऊन बघतात, मग मला बघायला लावतात. काल सून म्हनाली, बाबा, पोरं खेळून आली का बघा जरा. तर म्हनाले, मला नको सांगू, मी चुकेन."

हे ऐकल्यावर मला झोप लागेना. हाड मोडलं ते मोडलं, ते जुळलं होतं. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास मी नेला होता आणि एका वाक्यात तो परत देता येत होता. ते वाक्य मी सात महिने दडवून ठेवलं होतं.

शेवटी मार्चमध्ये सुट्टी काढून मोहोपाड्याला गेले. माझ्या स्वतःच्या जुन्या मोबाइलमध्ये ॲप मी बदललेलं नव्हतं, चूक होती तशी होती. तो बरोबर घेतला. नुसतं सांगून पटलं नाही तर दाखवता येईल म्हणून.

कॉलनीतल्या तळमजल्यावर काका खिडकीपाशी बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. बारीक झाले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी धीर केला.

"काका, त्या दिवशी तुमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. तुम्ही बटण दाबलं होतं. ॲपमध्ये दोष होता. मला तो माहीत होता, मी दुरुस्त केला नव्हता."

त्यांनी आत काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐकलंस का? पोरगी चांगली हाय. माझं आपल्या अंगावर घेतेय."

"अंगावर घेत नाही काका. खरंच सांगतेय. वेळ लिहिलेली आहे, दोन वाजून पन्नास."

"असूंदे गं. मला वाईट वाटू नये म्हनून सांगतेस. कळतंय मला."

मी पिशवीतून जुना मोबाइल काढला. त्यांच्या शेजारी बसले आणि ॲप उघडलं. नवीन नाव घातलं, माझंच. यादीत नाव आलं. "आता नीट बघा हं काका," मी म्हटलं. नावावर बोट ठेवलं, दुसरी स्क्रीन उघडली, हिरवं बटण दाबलं. स्क्रीन बंद झाली. यादी समोर आली. माझं नाव तिथेच होतं.

"बघितलंत? दाबलं ना मी? तरी नाव आहे."

काकांनी चष्मा वर सारला. मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल, कोण जाणे.

"तू पन विसरलीस," ते म्हणाले.

"नाही काका, दाबलं मी. तुमच्यासमोर दाबलं."

"दाबलंस असं तुला वाटलं. मला पन तसंच वाटलं होतं गं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अगो, हिकडं ये. ही बघ, हीच ते बनवनारी. येवढी शिकलेली, येवढी तरनी. ती पन दाबायचं विसरली. आनि तुमी माझ्या वयाचं घेऊन बसलाय."

काकू हात पुसत आल्या. मागून सून आली. काका दोघींना मोबाइल दाखवत होते आणि हसत होते, खांदे हलेपर्यंत. सून पण हसली. काकूंना हसू आलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. साडेचार वाजता जिन्याखाली काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलेलं होतं.

काकांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "कबूल कर की," ते म्हणाले. "त्यात काय लाजायचं? होतं असं मानसाचं."

"हो काका," मी म्हटलं. "विसरले."